खिडकीकडे हो, दाराकडे नाही

"तुमच्या वर्गात मुलं झोपतात त्यात मुलांचा काय दोष? तुम्ही घरी पाठ म्हणून बघता तेव्हा मीसुद्धा कणीक मळता मळता पेंगते," तर्कशास्त्राच्या सरांना त्यांची बायको म्हणाली.

ती बालवाडी चालवत होती. तिची पिल्लावळ दिवसभर टक्क जागी. सरांची मिसरूड फुटलेली मुलं मात्र 'समजा' म्हटलं की मान टाकायची. तसं सरांचं कुणाशी वाकडं नव्हतं. पण प्राचार्यांनी बजावलं होतं, "उद्या मी तुमच्या तासाला येतो. वर्गात जिवंतपणा दिसला तर विषय ठेवू. नाहीतर तर्कशास्त्र बंद, आणि तुम्ही परीक्षा विभागात गठ्ठे बांधायला."

गठ्ठ्यांच्या विचारात सर पोळीचा घास आमटीऐवजी पाण्याच्या भांड्यात बुडवत होते.

"अहो, सोप्पं आहे," बायको म्हणाली. "मुलांना बसवूच नका. उभं केलं की झोपणार कशी? एक प्रश्न टाका. 'हो' म्हणणारे खिडकीकडे, 'नाही' म्हणणारे दाराकडे. दुसऱ्याचं पटलं की जागा बदलायची. आमच्याकडे आंबट आवडतं की गोड, यावर असाच गोंधळ घालतो."

"पण तास संपताना मी सारांश सांगायचा ना?"

"तुम्ही तोंड उघडायचं नाही. तेवढं सांभाळा, बाकी सगळं आपोआप होतं."

दुसऱ्या दिवशी सरांनी बाकं भिंतीला लावून घेतली. प्राचार्य अजून यायचे होते. मुलांना उत्सुकता वाटेल असा प्रश्न हवा म्हणून सरांनी रात्रभर डोकं खाजवलं होतं आणि शेवटी जो विषय स्वतःच्या डोक्यात घोळत होता तोच फळ्यावर लिहिला: 'तर्कशास्त्र शिकायला हवं का?'

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो निदान सुवाच्य अक्षरात, ही सरांची शिस्त.

सर समोर उभे, त्यामुळे भिडेखातर बहुतेक मुलं खिडकीकडे गेली. दाराकडे एकटी मोबाईलवाली उभी राहिली. हिला हे नाव अख्ख्या वर्गाने दिलं होतं. वर्षभर सरांना तिचा भांगच तेवढा दिसला होता, कारण मान कायम मांडीवरच्या मोबाईलमध्ये.

"बोल की मग," खिडकीकडून कुणीतरी डिवचलं.

"बोलते. माझी आजी तर्कशास्त्र शिकली नाही. पण दूध मांजराने प्यायलं की नातवाने, हे ती बसल्या जागी सांगते. बरोबर?"

"बरोबर."

"आणि आपले सर आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवताहेत. तरी आभाळ भरून आलेलं असताना छत्री वर्गात विसरून जातात. म्हणजे ज्याला येतं त्याला शिकावं लागत नाही, आणि जो शिकतो त्याला येत नाही. मग हवंय कशाला?"

वर्ग खो खो हसला. सरांनाही ते पटलं. त्यांचा एक पाय दाराकडे वळलादेखील, पण पोटापाण्याचा प्रश्न आठवून त्यांनी तो मागे घेतला. "अगं, पण एका उदाहरणावरून..." असं ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी बायकोच्या धाकाने गिळलं.

खिडकीकडची दोघं दाराकडे गेली. मग चौघं. उरलेल्यांनी जोर लावला, "पण डॉक्टरला लागतं ना! वकिलाला लागतं!" मोबाईलवालीने एकेकाला असं काही चीत केलं की हरलेला हसत हसत तिच्याकडे जाऊन उभा राहिला आणि तिच्याच बाजूने भांडू लागला. दाराकडे जागा पुरेना, तशी मंडळी व्हरांड्यात सांडली. शेजारच्या वर्गातली मुलं "काय फुकट वाटताहेत?" म्हणून डोकावली आणि ऐकत थांबली. चहाची किटली घेऊन निघालेल्या शिपाईमामांना कुणीतरी अडवलं.

"मामा, हो की नाही? बाजू घ्यावीच लागेल!"

"मी दाराकडे. मला बाहेरच जायचंय."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच प्राचार्य येऊन पोचले. बघतात तो वर्ग रिकामा, खिडकीशी एकटे सर, आणि सगळं महाविद्यालय व्हरांड्यात तावातावाने भांडतंय. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी सरांचा हात हातात घेतला.

"सर, अप्रतिम! इतका जिवंत वर्ग मी पाहिलेला नाही. मला पूर्ण पटलं."

सरांचा जीव भांड्यात पडला. "मग विषय..."

"बंद! मुलीने काय एकेक मुद्दा मांडला! उद्यापासून ही सगळी मुलं माझ्या संख्याशास्त्राच्या तासाला."

व्हरांड्यातली मुलं एकेक पाऊल मागे सरकली. प्राचार्य संख्याशास्त्र शिकवत नसत, लिहून देत. त्यांच्या तासाला पंखासुद्धा कंटाळून फिरतो, अशी ख्याती होती.

मोबाईलवाली प्राचार्यांपुढे आली. "सर, एक विचारू? तुम्हाला कशामुळे पटलं?"

"अगं, तुझ्या मुद्द्यांमुळे! एकातून दुसरा निघतोय, दुसऱ्यातून तिसरा."

"म्हणजे तर्काने पटलं."

"अर्थात."

"मग माझे मुद्दे बरोबर असतील, तर एवढ्या लोकांना पटवायला तर्क लागतो हे सिद्ध झालं. म्हणजे विषय हवा. आणि मुद्दे चूक असतील, तर त्यावर घेतलेला तुमचा निर्णय चूक. म्हणजे तरीही विषय हवा. आता तुम्ही सांगा, कुठे उभे राहता?"

सरांनी कान टवकारले. हा दुहेरी पेच त्यांनी पहिल्याच महिन्यात शिकवला होता. तेव्हा ही मुलगी मोबाईलमध्ये होती, याची ते शपथ घ्यायला तयार होते.

प्राचार्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि दोन्हींच्या मधोमध घाम पुसत उभे राहिले. मुलं भराभर आत येऊन खिडकीशी दाटली. शिपाईमामाही आले. "बाहेर आता कुणी नाही," एवढंच त्यांचं कारण.

"ठीक आहे, विषय राहील," प्राचार्य शेवटी म्हणाले. मग सरांना बाजूला घेऊन हळूच पुटपुटले, "पण सर, हात जोडतो. हे असलं पुन्हा नको. मुलांना बोलायला लावू नका. आपलं पूर्वीसारखं लिहून द्या."

सर आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी बाकं जागच्या जागी लावून त्यांनी घसा खाकरला.

"लिहा. तर्कशास्त्र म्हणजे..."

"कशावरून, सर?" मागून आवाज आला.

"अरे, अजून सांगितलं कुठे मी!"

"म्हणजे आधाराशिवायच सांगणार होता?" दुसरा आवाज.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा पहिलं वाक्य पुरं व्हायचं होतं, आणि वर्गातलं कुणी उठायला तयार नव्हतं.