सासरेबुवांची गाय मीच पळवली!

हो, पळवली! भर सकाळी, देवळाच्या आवारातून, पंचवीस-तीस माणसांच्या डोळ्यांदेखत! जपानातल्या आमच्या नागाओकात अजूनही मी गल्लीतून जाताना कुणीतरी कुजबुजतं, "हाच तो गायचोर!" कुजबुजा खुशाल. चौतीस वर्षं मी या शहरात बस चालवली आहे. पाठीमागची कुजबुज ऐकत सरळ पुढे बघायचं, हाच तर माझा धंदा होता.

गाय वांग्याची होती, हे मात्र आधीच सांगून टाकतो.

मी क्योहेइ. घरजावई. लग्नात आडनाव बायकोचं घेतलं, घर बायकोचं, परसही बायकोचं. म्हणजे खरं तर सासूबाईंचं. शिगे त्यांचं नाव, वय शहाऐंशी. कंबर काटकोनात वाकली आहे, पण त्यामुळे त्या जमिनीच्या आणखी जवळ गेल्या आहेत. परसात तणाचं एक पातं डोकं वर काढू दे, ह्यांनी ते बघितलंच म्हणून समजा!

त्या परसात पिढ्यान्‌पिढ्या एकच वांगं पिकतं. गोल, मुठीपेक्षा मोठं, देठापाशी चुण्या पडलेलं. हुबेहूब नाडी ओढलेला बटवा! वाफवायचं, विहिरीच्या पाण्यात गार करायचं, फाडायचं आणि मोहरी घातलेल्या सोया सॉसबरोबर खायचं. चांगलं लागतं. नाही म्हणत नाही. पण चौतीस उन्हाळे?

माझ्या आईची वांगी वेगळी. दूर उत्तरेला, त्सुरुओकाजवळच्या आमच्या खेड्यातली. सुपारीएवढी, टणक सालीची, मोहरीत मुरवलेली. एक वांगं, एक घास, कुर्रर्र! आई जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या मागे माझ्या वाट्याला एक कागदाची पुडी आली. तिच्या अक्षरात वर लिहिलेलं, "वांगी. चांगली." आत एकोणीस बिया.

निवृत्त झालो आणि मी ठरवलं, ह्या वर्षी आईची वांगी ह्या परसात लावायची म्हणजे लावायचीच! त्यात काय अवघड आहे? अकरा मीटरची बस मी बर्फातून मागे घेतलेली आहे!

बारा वर्षांचं बी उबेशिवाय रुजत नाही. म्हणून ओल्या फडक्यात बांधून मी ते पोटाच्या लोकरी पट्ट्यात ठेवलं. नऊ दिवस मी अंड्यावरच्या कोंबडीसारखा वावरलो. वाकायचं नाही, शिंकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही.

"जावईबापू, पोट बिघडलंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग असे डगडगत का चालताय?"

दहाव्या दिवशी फडकं सोडलं. एकोणिसातल्या एका बीला मोड आला होता. एकच! पण होता!

आता वाफा मागायचा होता.

"माझ्या परसात परकं बी नको," सासूबाई म्हणाल्या. "मधमाशी इकडून तिकडे जाते. संकर झाला की माझी वांगी बिघडायची."

"आई, मी पण परकंच बी होतो. घेतलंत की घरात!"

"म्हणूनच सांगते. अनुभव आहे."

माझी बायको मित्सुए तोंडावर पदर घेतल्यासारखा एप्रन घेऊन हसली. तिनंच मग तोड काढली. रोप न्हाणीघराच्या मागे, बादलीत लावायचं. वांगी खायची. पण बी धरायचं नाही. एकही फळ पिवळं होऊ द्यायचं नाही.

"कबूल?" सासूबाई म्हणाल्या.

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे कबूल करणं नव्हे! चौतीस वर्षं साहेबांपुढे मी अशीच हलवत होतो.

रोप जगलं, फुललं, फळलं. पण फळ एकच धरलं, ते मी पानांआड लपवून ठेवलं. त्यातून बी धरायचं होतं, म्हणजे ते झाडावरच पिवळं पडेपर्यंत पिकवायला हवं. कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही, मित्सुएलासुद्धा नाही. गुपित एकट्याचं असलं की फुटत नाही, हा माझा हिशेब. तो किती चुकला ते आता येईलच.

ऑगस्टमध्ये पितर घरी येतात ते दिवस आले. तेरा तारखेला मी आईसाठी माझ्या गावी गेलो, भावाकडे. बघतो तर आईच्या मळ्यावर डांबर! मोटारी उभ्या करायची जागा!

"दादा, आईची वांगी रे?"

"कुठली वांगी? तुझी वहिनी दुकानातनं आणते. पिशवीतली."

शेजारीपाजारी फिरलो. कुणाकडेच नव्हती. म्हणजे साऱ्या जगात आईच्या वांग्याचं ते एक झाड उरलं होतं, आणि त्या झाडावर पिकत आलेलं ते एक फळ! परतीच्या गाडीत मी इतका ताठ बसलो होतो की शेजारच्या बाईनं मला दोनदा खिडकी हवी का विचारलं.

सोळा तारखेला सकाळी घरी पोचलो तो बुटांसकट परसात. पानं बाजूला केली.

देठ होता. वांगं नव्हतं!

"मित्सुए!!"

दोघी धावत आल्या. म्हणजे मित्सुए धावत, सासूबाई आपली ढकलगाडी ढकलत.

"इथलं वांगं कुठाय?"

"ते म्हातारं पिवळं?" सासूबाई म्हणाल्या. "पानांत राहून गेलं होतं. नजर पोचत नाही तुमची. खायच्या कामाचं नव्हतं, म्हणून ह्यांची गाय केली."

तुम्हाला ठाऊक असेल-नसेल, आमच्याकडे पितर, म्हणजे आता सासरेबुवाही, येताना काकडीच्या घोड्यावरून येतात, लवकर पोचावेत म्हणून. जाताना वांग्याच्या गायीवरून जातात, रमतगमत. काड्यांचे चार पाय खोचले की गाय तयार. तीन दिवस देव्हाऱ्यापुढे उभी राहते. सोळाला सकाळी देवळात पोचवायची, संध्याकाळी सगळ्या गल्लीच्या गायी-घोडे एकत्र जाळतात.

"गाय कुठाय?"

"मघाशीच पोचवली देवळात."

पुढचं मला नीटसं आठवत नाही. सायकल मित्सुएची होती, पुढच्या टोपलीत तिची छत्री होती, एवढं आठवतं.

देवळाच्या आवारात चटईवर दीड-दोनशे गायी दाटीवाटीनं उभ्या! जांभळ्या, लांब, गोल, तीन पायांच्या, कलंडलेल्या. गुरांचा बाजारच! मी गुडघ्यांवर बसून एकेक बघत गेलो. आणि सापडली! लहान, गोल, पिवळी!

तिच्या शेजारी दुसरीही उभी होती. लहान, गोल, पिवळी!

उलटसुलट करून पाहिलं. जुळ्या बहिणी! आईचं शेवटचं बी, चूक करून चालणारच नव्हतं. मी दोन्ही गायी उचलल्या आणि पोटाच्या पट्ट्यात खोचल्या.

"अगंबाई! आमच्या आजोबांची गाय!"

शेजारच्या तोमिनागाबाई. ह्या बाईंचा आवाज असा आहे की मी डेपोत असताना त्यांच्या घरातला स्वयंपाक मला कळायचा!

"क्योहेइसान, ठेवा ती खाली! आजोबा जाणार कसे?"

"ठेवणार नाही!"

"पोटात घातलीत? पितरांची गाय खाताय?"

झालं! 'खातोय' हा शब्द आवारात वणव्यासारखा पसरला. कुणी म्हणालं उन्हानं डोकं फिरलं, कुणी म्हणालं निवृत्तीनं. देवळातले गुरुजी अनवाणी आले. मी पोट धरून उभा, शर्टातून काड्यांचे आठ पाय बाहेर.

"दोनच मिनिटं माझं ऐका!" मी ओरडलो. आणि सांगून टाकलं सगळं. पुडी, एकोणीस बिया, मोड आलेलं ते एक, मळ्यावरचं डांबर. "जाळायची असेल तर मला जाळा! गाय देणार नाही!"

 तेवढ्यात चाकांची करकर ऐकू आली. ढकलगाडी!

"म्हणजे बी धरत होतात तर," सासूबाई म्हणाल्या.

"हो! धरत होतो! आणि पुन्हा धरीन!"

"मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर धरू दिलं असतंत?"

"नाही."

"मग!"

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. काटकोनातून वर बघायचं म्हणजे त्यांना जरा वेळ लागतो. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, पण गाय नाही तर हे जाणार कसे? इथेच राहतील! वर्षभर! चाळीस वर्षं संसार केलाय मी, मला माहितीये. रोज विचारतील, आंघोळीचं पाणी का थंड? नको गं बाई! तीन दिवसच बरे आहेत ते!"

"आणि आमच्या आजोबांचं काय?" तोमिनागाबाई परत सुरू झाल्या. "तुमच्या जावयानं चोरी केलीय, शिगेसान!"

"माझ्या जावयाला चोर म्हणायचं असेल तर मी म्हणेन!" सासूबाई कडाडल्या. "तुम्ही कोण? मित्सुए, घरी जा. माझी बियाण्याला ठेवलेली दोन वांगी तोडून आण. सगळ्यांत मोठी."

"आई, ती पण?" मित्सुए म्हणाली.

"झाडावर अजून तीन आहेत. ह्याच्याकडे एकच आहे. जा!"

चौतीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'ह्याच्याकडे' असा एकेरी उल्लेख पहिल्यांदा ऐकला. पोटच्या पोराचा करावा तसा. 

वांगी आली. काय त्या गायी! गरगरीत, धष्टपुष्ट!

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "तुमचे आजोबा मांडी घालून बसतील."

तोमिनागाबाईंनी गाय फिरवून फिरवून बघितली आणि चक्क खूश झाल्या! गुरुजी मात्र माझ्याकडे वळले.

"खोळंबा झाला दोघा पितरांचा. क्षमा मागा."

क्षमा कशी मागतात? मला एकच येते. मी टाचा जुळवल्या, हात मांडीला चिकटवले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "प्रवाशांची गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत! बदली गाडी लागलेली आहे. कृपया चढताना पायरी सांभाळा!"

गुरुजींनी घंटा वाजवली. गुरुजींचे खांदे हलत होते, ते मंत्रामुळे असं मी धरून चालतो.

घरी आल्यावर सासूबाईंनीच मला बी काढायला शिकवलं. गर पाण्यात कुस्करायचा. बुडेल ते बी खरं, तरंगेल ते थापाडं. दोन गायी, दोन बशा. कुठली कुणाची, कुणास ठाऊक! पुढच्या वसंतात मी दोन ओळी लावल्या. बादलीत नव्हे, परसात! सासूबाईंच्या वाफ्यापासून मोजून वीस पावलांवर, पण परसात!

पहिली ओळ आधी फळली. मी मोहरीत मुरवली आणि सगळ्यांना बोलावलं, गुरुजींना, तोमिनागाबाईंनासुद्धा. पहिला घास घेतला आणि माझे डोळे भरून आले. "हीच! हीच ती माझ्या आईच्या हातची चव!" पाव तास मी बोलत होतो. गुरुजी गहिवरले. तोमिनागाबाईंनी नाक पुसलं.

सासूबाई चावता चावता थांबल्या. "जावईबापू, तुमच्या आईची साल टणक होती ना? ही लोण्यासारखी आहे."

दहा दिवसांनी दुसरी ओळ फळली. सुपारीएवढी, टणक! तेव्हा उलगडा झाला. पहिली ओळ तोमिनागाबाईंच्या आजोबांच्या गायीची होती! त्यांनी ते रोप बागेच्या दुकानातून आणलेलं, एकावर एक फुकट मिळालेलं!

खरी वांगी ताटात आली तेव्हा सगळे माझ्या डोळ्यांकडे बघत बसले. डोळे ठणठणीत कोरडे! मी घास घेतला. कुर्रर्र झालं, पण ते वांगं नव्हतं, माझी कवळी होती.

सासूबाईंनी स्वतःच्या दातांनी एकामागून एक नऊ खाल्ली. "कशी आहेत?" मला विचारलं.

"उत्तम!" मी तोंडावर हात धरून म्हणालो. कवळी काढून वाटीत ठेवली आणि हिरड्यांनी चावत राहिलो. अर्धा तास लागला एका वांग्याला. पण सोडलं नाही!