सर्वाधिक शून्य

साहेब, टँकर तुम्ही पळवला. नाव घेत नाही. बसणाऱ्याला आपली खुर्ची ओळखू येते.

नियम तुमचाच होता आणि चांगला होता. जिथं सर्वांत जास्त दिवस नळ आला नाही, तिथं पहिला टँकर. प्रत्येक वसाहतीनं आपले कोरडे दिवस कळवायचे, ते संगणकात भरायचे आणि ‘मॅक्स’ नावाचं सूत्र त्यातला सर्वांत मोठा आकडा काढील. माणसाचा हात नाही, म्हणजे वशिलाही नाही. आमच्या गल्लीनं कळवलं: १४. आमच्याहून कोरडं शहरात कुणी नव्हतं. सारजाबाईच्या घरात तर ओली होती ती फक्त बाळंतीण.

टँकर गेला अधिकाऱ्यांच्या वसाहतीत. त्यांचा आकडा: 2.

सारजाबाई थेट कार्यालयात धडकली. साहेबांसमोर कंत्राटी ऑपरेटर विश्वजीत संगणकावर बसला होता.

“काय रं बाबा, चौदापेक्षा दोन कवापासून मोठे झाले?”

“मावशी, मराठी पंधरवडा चालू आहे. आकडे मराठीतच भरायचा आदेश आहे. पण या सूत्राला मराठी आकडा अक्षर वाटतो, नुसता मजकूर. अक्षर दिसलं की ते सोडून पुढं जातं. साहेबांच्या वसाहतीचा तेवढा त्यांच्या फोनवरून इंग्रजीत आला.”

“मंग आमचा बी इंग्रजीत टाक की. दोन बोटांचं काम हाय.”

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “बाई, माझ्या कार्यालयात मायमराठीचा अपमान होणार नाही.”

“लई प्रेम हाय, व्हय? घरात तान्हं लेकरू हाय साहेब. त्याचे लंगोट कशानं धुवू, बाराखडीनं?”

साहेब गंभीर झाले. अन्याय झालाय, हे त्यांनी मान्य केलं. एका वसाहतीला इंग्रजी आणि बाकीच्यांना मराठी, हा उघड भेदभाव होता. त्यांनी तो जागच्या जागी दूर केला. आपल्या वसाहतीचा 2 पुसून तिथं २ करायला लावला. त्यांची टाकी सकाळीच भरली होती.

सूत्र पुन्हा चाललं. आता सगळीच अक्षरं. सर्वाधिक कोरडे दिवस: 0.

“म्हंजी?”

“म्हणजे शहरात टंचाईच नाही,” साहेब म्हणाले आणि सगळे टँकर बंद करण्याच्या आदेशावर त्यांनी सही केली.

“मंग माझ्या घरी काय हाय?”

“मावशी,” विश्वजीत हळूच म्हणाला, “तुमच्या घरी मजकूर आहे.”

पंधरवड्याच्या समारोपाला साहेबांचा दुहेरी सत्कार झाला: शंभर टक्के मराठी, शून्य टक्के टंचाई. मराठीचा झरा आटू देणार नाही, असं साहेब म्हणाले. सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. सारजाबाई तेव्हा हंडा घेऊन दारोदार फिरत होती.

साहेब, त्या लेकराला अंघोळ घालायचीय. पाणी कुठाय? तुम्ही बोलणार नाही, ठाऊक आहे. मग वाचकहो, तुम्ही सांगा. उठून टाळ्या तर तुम्हीच वाजवल्या होत्या. पाणी कुठाय?