तेरा दिवसांची मैत्रीण

फोन आला तेव्हा मंदाकिनी वैशंपायन मटार सोलत होत्या. पलीकडून त्यांच्या जुन्या शाळेतल्या गाईड पथकाच्या कॅप्टन अपूर्वाबाई बोलत होत्या. बावीस फेब्रुवारीला चिंतन दिन. त्या दिवशी जगभरातल्या गाईड मुली एकमेकींची आठवण काढतात. यंदा शाळेनं मैत्री हा विषय घेतला होता आणि जुन्या विद्यार्थिनींमधल्या दोन जिवलग मैत्रिणींचा सत्कार करायचं ठरवलं होतं.

"कपाटात एक फोटो सापडला, ताई. तुम्ही आणि जया परचुरे. गणवेशात, आपलं गाईडचं डाव्या हाताचं हस्तांदोलन करताय. मागे लिहिलंय, पथकातली अभेद्य जोडी. तुमची नात आमच्याच पथकात आहे ना, स्वराली? तिनं लगेच ओळखलं. अजून संपर्क आहे का तुमचा?"

खरं ते सांगायला मंदाकिनीबाईंनी तोंड उघडलंच होतं. पण अपूर्वाबाईंना दम नव्हता.

"नसेल तरी हरकत नाही. त्र्याऐंशीच्या बॅचची एक जोडी आहे आमच्याकडे. त्या दोघी तर दर वर्षी एकत्र हिमालयात जातात."

हा हिमालय मंदाकिनीबाईंना झोंबला. "संपर्क?" त्या म्हणाल्या. "अहो, एक दिवस बोलणं झालं नाही तर घास उतरत नाही आम्हाला."

"मग जयाताईंना तुम्हीच घेऊन या. आमच्याकडे त्यांचा नंबर नाहीये."

जयाशी शेवटचं बोलणं होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत मंदाकिनीबाईंचा घास अगदी व्यवस्थित उतरत होता.

झालं होतं ते असं. जयाचे यजमान यज्ञेश्वर एका दुपारी अचानक गेले. त्याच दिवशी चारच्या गाडीनं मंदाकिनीबाई नवऱ्याबरोबर दक्षिण भारताच्या सहलीला निघणार होत्या. चौदा दिवस, सगळी देवळं, शेवटी कन्याकुमारी. बॅगा हॉलमध्ये येऊन उभ्या होत्या. एक वाजता फोन वाजला. जयाचा मुलगा सौमित्र म्हणाला, "मावशी, बाबा गेले. आई तुला बोलावतेय." मंदाकिनीबाईंनी बॅगांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये." आणि फोन ठेवून दिला. परत वाजला तो उचलला नाही.

पंधराव्या दिवशी त्या फळांची पिशवी घेऊन जयाकडे गेल्या. "अगं, आम्हाला कळलंच नाही. फोनची लाइन इतकी खराब होती," असं म्हणाल्या. जयानं पाणी दिलं. "हो का," म्हणाली. त्यानंतर दोघींनी एकमेकींना तोंड दाखवलं नाही. जया पुढे मुलाबरोबर विश्रांतवाडीला राहायला गेली आणि कसबा पेठेतल्या मंदाकिनीबाईंना सुटल्यासारखं वाटलं.

"चिंतन कशाचं करायचं असतं त्या दिवशी?" श्रीधररावांनी पेपरमागून विचारलं. हे मंदाकिनीबाईंचे यजमान. बोलायचे कमी, आणि बोलायचे ते लागेल असंच.

"मैत्रीचं."

"मग तू काय करणार तिथं?"

मंदाकिनीबाई फोनमध्ये जयाचा नंबर शोधत होत्या. तो त्यांनीच कधीतरी काढून टाकला होता. श्रीधररावांनी पेपर खाली न ठेवताच नंबर सांगितला, तोही पाठ.

"तुमच्याकडे कसा?"

"दिवाळीला शुभेच्छा पाठवतो. दोघांच्या नावानं. दर वेळी विचारते, मंदाच्या कानाचं कसं आहे."

"माझ्या कानाला काय झालंय?"

"तेच. मी सांगतो, आहे तसंच आहे."

मंदाकिनीबाई आत गेल्या, दार लोटलं आणि नंबर लावला. तिसऱ्या घंटीला जयानं उचलला.

"जया, मी मंदा बोलतेय."

पलीकडून जया म्हणाली, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये." आणि फोन बंद झाला.

आता खरं तर अपूर्वाबाईंना फोन करून जयाला ताप आला आहे असं सांगता आलं असतं. मंदाकिनीबाईंनी ते ठरवलंही होतं. पण संध्याकाळी स्वराली क्लासहून घरी जाताना आजीकडे आली ती नाचतच. सूत्रसंचालन तिच्याकडे दिलं होतं. दोन्ही आज्यांना प्रश्न तीच विचारणार होती. वर्गात तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की माझी आजी आणि जयाआजी म्हणजे ओरिजिनल बेस्टीज आहेत. "तनया म्हणत होती, एवढी वर्षं कोणी फ्रेंड राहत नाही. मी म्हटलं, ये आणि बघ." ताप आता उपयोगाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी श्रीधररावांकडून पत्ता घेऊन मंदाकिनीबाईंनी मनपासमोरून विश्रांतवाडीची बस धरली. सबंध वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. जयानं दार उघडलं आणि सगळी वाक्यं पायरीवरच राहिली. जया वाळली होती. केस पूर्ण पांढरे.

"ये," ती म्हणाली. "ऐकायला येतंय ना आज?"

मंदाकिनीबाईंनी खाली मान घालून कार्यक्रमाचं सांगितलं. फोटोचं सांगितलं, स्वरालीचं सांगितलं. हिमालयवाल्या जोडीचंही सांगितलं.

"म्हणजे मैत्री आठवली म्हणून नाही आलीस. दुसऱ्या दोघी स्टेजवर चढतील म्हणून आलीस."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. असू दे." जयानं त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. मग म्हणाली, "येते मी. पण एक अट. स्टेजवर मला बोलायचं ते मी बोलणार. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस."

"काय बोलणार आहेस?"

"ते तिथंच ऐक. माइक असेल, लाइन खराब नसेल."

पुढचे चार दिवस मंदाकिनीबाईंना झोप नव्हती. चक्कर आल्याचं नाटक कधी करायचं, सत्काराआधी की नंतर, एवढंच त्यांनी ठरवायचं बाकी ठेवलं होतं. श्रीधररावांना विचारलं, तर ते म्हणाले, "पडायचंच असेल तर शाल मिळाल्यावर पड. अंगावर घालायला होईल."

शनिवारी सकाळी शाळेचं सभागृह भरलं होतं. आकाशी गणवेशातल्या मुली ओळीनं बसल्या होत्या. प्रार्थना झाली, झेंडा झाला, मुख्याध्यापिकांनी दोघींना शाली पांघरवल्या. जया रिक्षानं वेगळी आली होती. स्टेजवर खुर्च्या मात्र एकमेकींना चिकटून ठेवलेल्या. स्वराली माइक घेऊन समोर उभी राहिली. हातात प्रश्नांची कार्डं.

पहिले प्रश्न सोपे होते. तुमच्या मैत्रिणीला कुठली भाजी आवडत नाही? "गवार," मंदाकिनीबाई म्हणाल्या. मैत्रिणीला कशाची भीती वाटते? "पालीची," जया म्हणाली, "पण पाल दिसली की आधी दुसऱ्याला पुढे ढकलते." सभागृह हसलं. एकही उत्तर चुकेना. नऊ वर्षं न बोलताही सगळं तोंडपाठ आहे, याचा मंदाकिनीबाईंना राग आला.

"आता शेवटचा प्रश्न जयाआजींना," स्वराली म्हणाली. "तुमच्या मैत्रिणीनं तुमच्यासाठी केलेली सगळ्यांत मोठी गोष्ट कुठली?"

जयानं माइक घेतला. मंदाकिनीबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. चक्कर यायची तर हीच वेळ होती. पण नेमकी आता त्यांची स्वतःच्या शरीरावर सत्ता राहिली नव्हती.

"नऊ वर्षांपूर्वी माझे यजमान गेले," जया म्हणाली. "अचानक. माझ्या मुलानं हिला फोन केला. तेव्हा ही बॅगा भरून सहलीला निघाली होती. आणि फोनवर काही नीट ऐकूच येत नव्हतं म्हणे."

पहिल्या रांगेत श्रीधररावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"पण जिवाभावाच्या मैत्रिणीला ऐकू यावं लागत नाही, मुलींनो. अर्ध्या तासात ही माझ्या दारात होती. सहल सोडून. आणि पुढचे तेरा दिवस ही माझ्या घरातून हलली नाही."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मुख्याध्यापिका पदर डोळ्यांना लावत होत्या. तनया नावाची ती मुलगी उभी राहून टाळ्या वाजवत होती. स्वरालीनं आजीकडे असं पाहिलं, की मंदाकिनीबाईंना वाटलं, जयानं खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"मंदाकिनीताई, आता तुम्ही बोला," अपूर्वाबाई पुढे झाल्या. "काय केलंत त्या तेरा दिवसांत? मुलींना कळू दे."

"आजी, सांग ना," स्वराली म्हणाली आणि तिनं माइक आजीच्या तोंडापुढे धरला.

"मी... चहा केला," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"साखर संपली होती," जया शेजारून म्हणाली.

"हो. साखर संपली होती. मी वाण्याकडून आणली."

"शेजारणीकडून. वाणी बंद होता त्या दिवशी."

"शेजारणीकडून," मंदाकिनीबाई म्हणाल्या. मग पिठलं-भात आला. मग भेटायला येणाऱ्यांना पाणी देणं आलं. त्या एक वाक्य टाकत आणि जया ते दुरुस्त करी, इतक्या बारकाईनं, की मंदाकिनीबाईंच्या ध्यानात आलं. हे सगळं कोणीतरी खरंच केलेलं होतं. बहुधा एकटीनं.

"पाचव्या दिवशी," जया आता सरळ समोर बघून बोलत होती, "दाराबाहेरच्या यांच्या चपला मी कोणाला हलवू देईना. भांडले सगळ्यांशी. तेव्हा हिनं मला सांभाळलं."

"काय म्हणालीस गं आजी, तेव्हा?" स्वरालीनं विचारलं.

मंदाकिनीबाईंनी वाक्य शोधलं. सापडेना. इतका वेळ साखर आणि भात सापडत होता, चपलांपाशी काहीच सापडेना.

"काही नाही म्हणाले," त्या शेवटी म्हणाल्या. "नुसती बसून राहिले."

जयानं त्या सकाळी पहिल्यांदाच वळून त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी तिनं दुरुस्ती केली नाही.

कार्यक्रम संपल्यावर फाटकाशी दोघी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. मंदाकिनीबाईंनी हळूच विचारलं, "सूड उगवलास का?"

"हो."

"मग खरं का नाही सांगितलंस? स्वरालीसमोर माझी लाज गेली असती."

"एकदा गेली असती. तू रडली असतीस, माफी मागितली असतीस, आणि संध्याकाळपर्यंत मोकळी झाली असतीस." जयानं शाल घडी करून पिशवीत ठेवली. "मी नाही झाले मोकळी. तुला कशाला करू?"

यावर काही बोलायच्या आत अपूर्वाबाई धावत आल्या. मुली फार भारावल्या होत्या. पुढच्या चिंतन दिनाला या प्रसंगावर नाटक बसवायचं सगळ्या पथकानं एकमतानं ठरवलं होतं. तेरा दिवसांचे तेरा प्रवेश. आजीची भूमिका अर्थातच स्वराली करणार. तर तेवढं सगळं तपशीलवार लिहून मिळेल का?

"ही देईल," जया म्हणाली आणि रिक्षात बसली. "हिच्या सगळं लक्षात आहे."

घरी मंदाकिनीबाई वही घेऊन बसल्या. पहिला दिवस, असं लिहिलं. खाली साखर, शेजारीण, एवढंच. चपलांच्या पुढे त्यांना काही माहीत नव्हतं. स्वराली रोज फोन करून विचारत होती, किती झालं. एकदा तिनं विचारलं, "आजी, सातव्या दिवशी तू रडलीस का गं? मला तसं रडायचंय." मंदाकिनीबाईंनी फोन ठेवला आणि वही मिटली.

मंगळवारी त्या वही घेऊन पुन्हा विश्रांतवाडीला गेल्या. जयानं दार उघडलं, वहीकडे पाहिलं आणि टेबलावरचे कागद बाजूला सारले.

"मला काहीच माहीत नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तू सांग, मी लिहून घेते."

"कुठून सांगू?"

"पहिल्या दिवसापासून. खरं झालेलं."

"खरं नाटकात कसं घालणार?"

"नाटकाचं मग बघू."

जया समोर बसली. "पहिल्या दिवशी हे जेवून उठले आणि कॉटवर आडवे झाले," ती सांगू लागली. डॉक्टर कसे आले, काय म्हणाले, कोणाला आधी कळवलं. मंदाकिनीबाई लिहीत गेल्या. "मग मी सौमित्रला म्हटलं, आधी मंदाला फोन लाव. त्यानं लावला." इथं जया थांबली. "पुढचं तुला माहीत आहे. ते तूच लिही."

मंदाकिनीबाईंनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. एक ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागला हे त्यांनाच कळलं नाही. मग त्यांनी वही जयाकडे सरकवली.

आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या जयानं चष्मा लावला. 'मला सगळं स्वच्छ ऐकु आलं होतं,' असं तिथं लिहिलं होतं. जयानं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग तिनं मंदाकिनीबाईंच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि खाली वाकून एक खूण केली.

"ऐकूमधला कू दीर्घ," ती म्हणाली, आणि वही परत केली. "हं. लिही. दुसरा दिवस."