मालकाचे मालक

कलम एक

हिंमतरावांचा फोन आला तेव्हा साईनाथ लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता आणि दोन्हीकडे एकदमच "हो, हो" म्हणत होता. मीटिंगमध्ये आपण काय कबूल केलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. घरमालकाला मात्र पुढच्या महिन्यापासून वाढीव भाडं द्यायला आपण आनंदाने तयार झालो आहोत, एवढं फोन ठेवल्यावर हळूहळू उमगलं.

"काहून असे बसले?" तनुजाने विचारलं. तिला सातवा महिना होता. यवतमाळहून तिच्या आईला येणं जमणार नव्हतं, पण दवाखाना दोन गल्ल्यांवर होता, आणि बाळ होईपर्यंत वाघोलीच्या या फ्लॅटमधून हलायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. साईनाथने घडलं ते सांगितलं. तिने फोनवर काहीबाही वाचलं, कपाटातून करार काढला आणि निकाल दिला: अकरा महिन्यांचं भाडं ठरलेलं आहे, वाढीचं त्यात काहीच लिहिलेलं नाही, तेव्हा मुदत संपेपर्यंत ते मध्येच वाढवता येत नाही. आणि मुदत अजून बरीच आहे.

"जा, सांगून या. पण भांडू नका. आपल्याला घर पाहिजे, विजय नको."

कलम दोन

हिंमतराव जवळच एका बंगलीत राहत. मागे अंगण होतं, अंगणात म्हैस होती. त्यांच्या बायकोने, मुक्ताईंनी, ताक दिलं. साईनाथने वाटेत पाठ केलेलं वाक्य डोळे मिटून म्हटलं. हिंमतराव संतापतील असं त्याला वाटलं होतं. ते पुढे सरकून बसले.

त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग मुक्ताईंना बाहेर बोलावून तिसऱ्यांदा.

"म्हंजी मुदत सपेस्तवर मालकाला भाडं वाढवता येत न्हाई?"

"करारात तसं नसेल तर नाही, काका."

"कुठल्याच मालकाला?"

"कुठल्याच."

हिंमतरावांनी टोपी घातली. "मंग चला, सायेब. कसब्यात जायाचं. माज्या मालकाकडं."

साईनाथला वाटलं, ताक डोक्यात गेलं. पण भानगड खरी होती. हिंमतरावांनी गावातलं जुनं घर बिल्डरला दिलं होतं. बिल्डरने ते तत्परतेने पाडलं आणि नवं बांधायचं तेवढं राहिलं. आधीच्या एका व्यवहारात मिळालेला फ्लॅट होता, पण म्हैस लिफ्टमध्ये मावत नव्हती. म्हणून फ्लॅट साईनाथला भाड्याने देऊन ते स्वतः अंगणवाल्या बंगलीत भाड्याने राहिले होते. बंगलीच्या मालकाने भाडं मध्येच वाढवलं, ते हिंमतरावांनी तसंच साईनाथकडे पाठवून दिलं होतं.

कलम दोन (अ)

मंडईपाशी गाडी लावून दोघे बोळाबोळांतून चालत रंगनाथ सहस्रबुद्ध्यांकडे पोचले. त्यांनी दार अर्धं उघडलं.

"आपण कोण?" त्यांनी साईनाथला विचारलं.

"मी यांचा भाडेकरू."

"मग माझ्याकडे काय काम?"

"मी यांच्या बाजूने भांडायला... म्हणजे सांगायला आलोय."

"भाडेकरू मालकाच्या बाजूने. असं का? बोला."

साईनाथने वाक्य म्हटलं. एव्हाना ते त्याच्या तोंडात बसलं होतं. सहस्रबुद्ध्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं. वाढ रद्द. यांची मुदत पुढच्या महिनाअखेरीस संपते. वाढ दिली असतीत तर पुढचाही करार केला असता. आता कायद्यानेच जाऊ. किल्ली द्यायला येताना दुपारी येऊ नका."

दार बंद झालं. दोघे जिंकले होते.

कलम तीन

परतताना हिंमतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जायला त्यांना जागा एकच होती, आणि ती कोणती हे साईनाथला केव्हाच कळलं होतं.

"काका, मग आता आम्हाला काढाल?" त्याने शेवटी विचारलं.

"काढीन कसा? मुदत सपेस्तवर काढता येत न्हाई."

साईनाथचा जीव भांड्यात पडला.

"पन तुमची एक खोली रिकामीच हाय की."

करारात पोटभाडेकरू ठेवायला बंदी आहे, साईनाथने घाईघाईने सांगितलं. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय नाहीच.

"कागद द्या," हिंमतराव म्हणाले. "लिवून देतो."

तनुजा नाही म्हणेल ही शेवटची आशा होती. पण मुक्ताईंनी चार सुनांची बाळंतपणं केली आहेत हे ऐकल्यावर तिने लगेच खोली झाडायला घेतली.

कलम चार

हे कलम सामान हलवण्यात गेलं. म्हैस पुतण्याकडे गेली.

कलम पाच

एक तारखेला हिंमतराव साईनाथला खोलीचं भाडं देत. साईनाथ त्यात आपले पैसे घालून तीच गड्डी हिंमतरावांना देई. दोघेही थुंकी लावून मोजून घेत. सोसायटीच्या वॉचमनने एकदा विचारलं, इथे मालक कोण, आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

मुलगी झाली. मुक्ताईंनी सगळं सांभाळलं. ती महिन्याची झाली त्या आठवड्यात गिझर बंद पडला.

"पोरीला पातेल्यात पानी तापवून न्हाऊ घालतीया ही," हिंमतराव साईनाथला म्हणाले. "मालकाला कळवा."

"काका, मालक तुम्हीच आहात."

"मी तुमचा भाडेकरू. माजं मालक तुमी. तुमच्या मालकाला तुमी कळवायचं."

साईनाथने डोकं गच्च धरलं आणि फोन लावला. समोरच्या हिंमतरावांच्या खिशात तो वाजला. ते उठून आपल्या खोलीत गेले, दार लावलं, आणि खोलीतून जाड, घाईतला आवाज आला, "हां, बोला... गिझर व्हय? बघू दिवाळीनंतर. सध्या लई गडबड हाय." फोन कट झाला.

दार उघडून हिंमतराव बाहेर आले.

"काय म्हनला?"

"दिवाळीनंतर बघतो म्हणाले."

हिंमतरावांनी मुक्ताईंच्या मांडीवरच्या नातीसारख्या पोरीकडे पाहत मान हलवली.

"तान्हं लेकरू हाय घरात, अन् ह्याला गडबड," ते म्हणाले. "असल्या मानसाच्या घरात ऱ्हायाचं न्हाई, सायेब. मुदत सपली की आपन समदीच दुसरं बघू."