आक्का निघाली उलट्या पावली

गिअरचा दांडा हलत होता. बस, एवढंच झालं होतं.

तेही काही फार नाही. म्हातारा माणूस "नको नको" म्हणत ताटात वाढून घेताना जेवढी मान हलवतो, तेवढंच. पण घरात सगळीकडे कुंड्या पसरलेल्या असल्यामुळे शनिवारी सकाळी पिकअपमध्ये बसून पेपर वाचणाऱ्या जावईबापूंच्या डोळ्यांत ते हलणं भरलं, आणि ते स्वतःशीच म्हणाले, "हे तर मी घरच्या घरी करून टाकतो." (या घरात आजवर जे जे कायमचं मोडलं, त्याची सुरुवात याच वाक्यानं झाली होती. इस्त्री, शिलाई मशीन, स्वयंपाकघरातला नळ, आणि तो नळ दुरुस्त करताना शेजाऱ्यांची बेल.)

जावईबापू एका कचेरीत कारकून होते. सासरे त्यांच्याकडेच राहायचे आणि त्यांच्या तोंडचं "जावईबापू" हे नाव अख्ख्या गल्लीनं उचललं होतं. कचेरीतसुद्धा त्यांना दुसरं नाव उरलं नव्हतं.

पिकअप मूळची सासरेबुवांची. दोन्ही मुलींच्या जन्माआधी ती घरात आली, म्हणून सगळे तिला आक्का म्हणायचे. त्या हिशेबानं ती जावईबापूंची थोरली मेहुणी लागत होती, आणि वागायचीही अगदी तशीच. (बायकोनं किल्ली फिरवली की लगेच सुरू व्हायची. जावईबापू नुसते शेजारी येऊन बसले की खाकरायची.) बायकोचा रोपांचा धंदा होता. कुंड्या, माती, खत, सगळं आक्काच्या पाठीवरून जायचं. गाडी चालवायला बायको आक्कावरच शिकली होती. जावईबापूंना मात्र गाडी चालवता येत नव्हती. पण दुरुस्त करायला चालवता यायलाच पाहिजे असं थोडंच आहे? दातांचा डॉक्टर काय पेशंटच्या तोंडानं जेवतो?

तर खरी गोम अशी, की आक्काचं नशीब त्या रविवारवर टांगलेलं होतं. जावईबापूंच्या साडूंनी, म्हणजे थोरल्या जावयानं, नवी कोरी गाडी घेतली होती, आणि तेव्हापासून त्यांना जगातली प्रत्येक जुनी वस्तू भंगारात घालावीशी वाटत होती. "अप्पा, हे धूड दारात शोभत नाही," अशी भुणभुण त्यांनी सासऱ्यांच्या मागे लावली. रोज ऐकून ऐकून सासरेबुवा कंटाळले आणि त्यांनी निकाल देऊन टाकला.

"रविवारी मैदानावर फुलांचं प्रदर्शन आहे ना? तिथं आक्का कुंड्या घेऊन आपल्या आपण पोचली, तर ती धाकटीची. वाटेत बसली, तर थोरल्या जावयानं भंगारवाला बोलवावा. विषय संपला."

 त्या दिवसापासून बायको रोज ओल्या फडक्यानं आक्काचं बॉनेट पुसायला लागली, आणि जावईबापू ते खिडकीतून बघत राहायचे. बायकोवर त्यांचा फार जीव. तिच्यासाठी आपण काहीतरी केलंच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटलं. (घात झाला तो इथंच.)

त्यांनी पाने, पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर घेतले, गिअरच्या बुडाशी असलेली रबराची टोपी काढली, खालच्या पत्र्याचे स्क्रू काढले आणि दांडा उपटून हातात घेतला. मुळा उपटावा इतका सहज आला. त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, आत काय करताय?"

"काही नाही. बसलोय."

"मग ठोकल्याचा आवाज कसला?"

"बसताना झाला."

दांडा जिथून निघाला त्या भोकात त्यांनी डोकावून पाहिलं. खाली तेलात भिजलेल्या तीन खाचा दिसल्या. दोन एका ओळीत होत्या आणि एक जरा पुढेमागे असावी असं त्यांना वाटलं. जावईबापूंना कचेरीतल्या फायलीसुद्धा कडेला कड लावून ठेवायची सवय. तिरपं काही दिसलं की त्यांना चैन पडत नसे. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या तिसऱ्या खाचेत घालून तिला ढकललं. "खट्" असा समाधानकारक आवाज आला. मग त्यांनी दांड्याच्या बुडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, दांडा परत खोवला आणि पत्रा बसवला. आता दांडा उगाच म्हणून डुगडुगेना. खांबासारखा उभा.

त्यांनी सासरेबुवांना बोलावून आणलं. "अप्पा, हलवून बघा."

सासरेबुवांनी हलवून बघितला. "घट्ट झालाय खरा. पण गाडी चालू करून पाहिलीत का?"

"गाडी कुठं बिघडली होती? बिघडला होता तो दांडा!"

या युक्तिवादापुढे सासरेबुवांनी नुसते हात जोडले. (पुढे ते म्हणाले की, मी तेव्हा मनात देवाचं नाव घेत होतो.)

रविवारी सकाळी आक्काच्या पाठीवर गुलाब चढले, शेवंती चढली, जास्वंद चढली आणि मधोमध बायकोचा लाडका निवडुंग. तो माणसाएवढा उंच होता आणि त्याला पहिल्यांदाच कळी आली होती. सासरेबुवा स्वच्छ शर्ट घालून पुढे बसले. साडू आपली चकाकती गाडी घेऊन हजर झाले आणि आल्या आल्या म्हणाले, "भंगारवाल्याला दुपारचं सांगून ठेवलंय. उगाच धावपळ नको."

बायकोनं आक्का सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. समोरचं घर दूर जायला लागलं.

"अगंबाई!" तिनं ब्रेक दाबला. दुसरा गिअर टाकला. समोरचं घर आणखी दूर गेलं. तिसरा टाकला, चौथा टाकला. कुठलाही गिअर टाका, आक्का आपली मागेच. (ती तिसरी खाच रिव्हर्सची होती, आणि ढकलल्यापासून गाडी तिथंच अडकली होती.) शेवटी मागच्या बाजूला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी पाच-सहा पावलांवर आली तेव्हा तिनं इंजिन बंद केलं आणि जावईबापूंकडे पाहिलं. ती नजर जावईबापूंच्या ओळखीची होती. नळाच्या वेळीही तीच होती.

"काल आत बसून नक्की काय केलंत?"

"दांडा हलत होता गं. आता बघ, अजिबात हलत नाही."

"आता आक्काही हलत नाही!"

"हलते की. मागे हलते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिस्त्रीला फोन लावला तर तो परगावी. साडूंकडे पाहिलं तर ते म्हणाले, "माझ्या गाडीतून नेलं असतं हो, पण सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही." आणि त्यांनी खिशातून फोन काढला. भंगारवाल्याला दुपारऐवजी आत्ताच बोलवावं, असा त्यांचा विचार स्पष्ट दिसत होता.

बायकोचे डोळे भरून आले होते. तिनं एकदा आक्काच्या स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग तिनं पदर खोचला.

"अहो, पाठीमागे चढा."

"मी?"

"कुंड्यांमुळे आरशात काही दिसत नाही. तुम्ही बघायचं आणि ओरडायचं. आक्काला मागेच जायचंय ना? मग मागे तर मागे!"

आणि निघाली स्वारी! फुलं पुढे, इंजिन मागे, आणि सगळ्यात पुढे निवडुंगाच्या शेजारी हात पसरून उभे असलेले जावईबापू. "येऊ द्या, येऊ द्या! सरळ... सरळ... डावीकडे! तुझी डावी नाही, माझी डावी! अगं थांब!" बायको मान वळवून चालवत होती. तिनं ब्रेक दाबला की जावईबापू निवडुंगाला मिठी मारत, आणि सोडला की निवडुंग त्यांना. प्रत्येक मिठीनंतर त्यांचा आवाज आणखी खणखणीत होत होता, आणि रस्ता आणखी पटकन मोकळा होत होता.

माझी डावी की तुझी डावी या घोळात आक्का एकदा धोब्याच्या अंगणात शिरली आणि जावईबापूंच्या डोक्यावर एक ओली चादर घेऊन बाहेर पडली. धोबी मागून धावत आला. "माझी चादर!" "येताना देतो!" जावईबापू चादरीच्या आतून ओरडले. केशकर्तनालयातून एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बाहेर आलं आणि त्याच्यामागे वस्तरा घेऊन न्हावी. फुटपाथवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. काहींना वाटलं मिरवणूक आहे, काहींना वाटलं निवडणूक आहे.

सगळ्यात वाईट अवस्था साडूंची झाली. ते मागून येत होते, आणि आक्का उलटी चाललेली, त्यामुळे त्यांच्या काचेसमोर आक्काची काच आणि त्यांच्या तोंडासमोर थेट सासऱ्यांचं तोंड. अख्ख्या रस्त्यात त्यांना जांभई देता येईना, नाक खाजवता येईना. सासऱ्यांची नजर पडली की ते आदरानं हसायचे. हसून हसून त्यांचे गाल दुखायला लागले. एकदा चुकून हॉर्न वाजला तर त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. आणि सासरेबुवा, जे गेली कित्येक वर्षं गालातल्या गालातसुद्धा हसले नव्हते, ते गुडघ्यावर थापा मारत खदखदा हसत होते.

"पोरी, हिला घरी आणली तेव्हाही मी इतका हसलो नव्हतो गं!"

चौकात हवालदारानं हात केला. "ओ बाई! गाडी उलटी का चालवताय?"

"साहेब, सुलटी चालत नाही."

"मग घरी ठेवायची!"

"घर आता पुढे राहिलं. तिकडे ती जात नाही."

हवालदार विचारात पडला. त्यानं लायसन्स पाहिलं, ते चोख होतं. मग त्याची नजर चादर पांघरलेल्या जावईबापूंवर गेली. "आणि तुम्ही कोण?"

"मी आरसा," जावईबापू म्हणाले.

हवालदारानं टोपी काढून डोकं पुसलं. "जा बाबांनो, लवकर जा. माझी ड्युटी संपत आलीय." आणि त्यानं सगळी वाहनं थांबवून आक्काला वाट करून दिली.

मैदानावर तर मजाच झाली. प्रत्येकाला आपापल्या जागेत गाडी उलटी लावायची होती, म्हणजे माल उतरवता येईल. चालक घामाघूम झाले होते, एकमेकांवर ओरडत होते, एक टेम्पो तर दोन मांडवांच्या मध्ये आडवा अडकला होता. त्या गर्दीतून आक्का सुळ्ळकन् आत गेली आणि आपल्या जागेवर अशी अचूक थांबली, की बायकोला उतरून फक्त मागची फळी पाडायची उरली. एकही कुंडी फुटली नव्हती. निवडुंगाची कळीसुद्धा शाबूत होती. (तिला लागणारे सगळे धक्के जावईबापूंनी अंगावर घेतले होते. काटे मोजायला नंतर कोणी बसलं नाही.)

साडू धापा टाकत आले. "अप्पा, हे धरायचं नाही! ती उलटी आली!"

"पोचली की नाही?"

"पोचली, पण..."

"आपल्या आपण पोचली की नाही?"

"हो, पण तोंड..."

"तोंड कुठं करून पोचायचं, हे मी बोललो नव्हतो." सासरेबुवांनी आक्काच्या दारावर थाप मारली. "आक्का धाकटीची. भंगारवाल्याला कळवून टाका."

बायकोनं बापाच्या गळ्यात हात टाकले आणि चक्क रडली. मग तिनं आक्काच्या बॉनेटचा मुका घेतला. जावईबापूही चादर सावरत, छाती काढून रांगेत उभे राहिले. शेवटी दांडा त्यांनी दुरुस्त केला नसता तर हे सगळं झालंच नसतं, हे आता कोणीतरी बोलून दाखवेल अशी त्यांची रास्त अपेक्षा होती.

तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ धावत आले. ते गाद्यांच्या दुकानाचे मालक होते. "बाई, बाजारात पाहिलं मी तुम्हाला! वा! सगळा बाजार बघत होता हो! मला माझ्या दुकानाची जाहिरात अश्शीच हवीय. हीच गाडी, असंच उलटं चालवायचं, पाठीवर गादी आणि गादीशेजारी एक माणूस ओरडत उभा!"

बायकोचा चेहरा उजळला. जावईबापूंनी चादरीतून मान बाहेर काढून विनयानं नमस्कार केला.

गादीवाल्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बायकोच्या जवळ येऊन आवाज खाली आणला. "गाडी हीच हवी. चालवायला तुम्हीच हव्यात. फक्त मागचा माणूस तेवढा बदलता आला तर बघा."

"नाही हो," बायको हळहळून म्हणाली. "बदलून मिळत नाही. मी लग्नानंतर आठवडाभरातच विचारून पाहिलं होतं."