फेसाची उंची

स्वच्छता नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते. लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये हे तत्त्व इतकं मनावर घेतलं होतं, की लादी पुसायचं लिक्विड निवडायला सोसायटीने खास उपसमिती नेमली. (लिफ्ट महिनाभर बंद होती. तिच्यासाठी समिती नव्हती.)

कालिंदीला हे कंत्राट हवंच होतं. केमिस्ट्री शिकून तिने चिंचपोकळीच्या एका गाळ्यात लिक्विडचं काम मांडलं होतं, आणि मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही तर दिवाळीआधी गाळा सोडावा लागणार होता. बिचारीने जीव ओतून माल बनवला. तेलकट मळ सुटा करणारं रसायन अगदी मापात, फेस कमी. फेस जास्त झाला तर लादीवर चिकट थर राहतो, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. शिक्षणाचे असे तोटे असतात.

चाचणी लॉबीत झाली. पद्धत शास्त्रीय होती: बादलीत झाकणभर लिक्विड, वरून नळाची धार, आणि फेसात उभी फूटपट्टी. (लादी पुसून बघूया का, असं एका सभासदाने विचारलं. विषयपत्रिकेत नसल्याने ती सूचना फेटाळण्यात आली.) अध्यक्ष दत्तारामनानांनी बादलीत डोकावून पाहिलं.

"काय गो कालिंदी, फेस खंय?"

"नाना, फेसाने लादी स्वच्छ होत नाही."

"मगे कशान होता?"

सेक्रेटरी रश्मीने तिला बाजूला घेतलं. "अगं, लोक मेंटेनन्स भरतात. त्यांना काहीतरी दिसायला नको?"

कालिंदी घरी जाऊन ढसाढसा रडली, आणि डोळे पुसल्यावर शहाणी झाली. नव्या मालात तिने फेसाचं रसायन सढळ हाताने ओतलं, मीठ घालून तो दाट केला, वर हिरवा रंग आणि लिंबाचा वास. पुढच्या चाचणीत फूटपट्टी बुडाली. टाळ्या पडल्या. कंत्राट एकमताने मंजूर!

लॉबी आरशागत चमकू लागली. (चमक त्या चिकट थराची होती.) आठवडा झाला नाही तोच नाना ओल्या चपलांनी आले, सपशेल आडवे झाले आणि कमरेचं हाड मोडून बसले.

कालिंदीला बातमी कळली. कंत्राट तर जाणारच, पण म्हाताऱ्याची ही दशा आपल्यामुळे झाली, हे तिला खाऊ लागलं. ती इस्पितळात धावली.

"नाना, चूक माझी. मी फेस कमी करते."

"गप गो! उगाच नाय घसरलंय. इतकी स्वच्छ लादी मी जन्मात बघूक नाय."

दुसऱ्या दिवशी लॉबीत सूचना लागली: 'लादी अतिस्वच्छ असल्याने रहिवाशांनी जपून चालावे.' कंत्राट सगळ्या विंगना लागू झालं. गाळा वाचला. कालिंदीने आता शाम्पूही काढलाय, आणि बाटलीवर छापलंय: 'भरपूर फेस येईपर्यंत पुन्हा लावा.'

हसलात? मग आज सकाळी पहिल्या खेपेला फेस आला नाही म्हणून डोक्यावर पुन्हा बाटली उपडी करणारे तुम्ही कोणत्या उपसमितीवर होता?