बिनचिठ्ठीची वायर

वैरागडे काकाजी वायरींच्या सोयरिकी जुळवतात. हा शब्द त्यांचाच. गोधनी रोडवरच्या आमच्या कॉलनीत कुणाचा टीव्ही, प्रिंटर नाहीतर कॉम्प्युटर अडला, की माणूस त्यांच्या फाटकाशी जातो आणि विचारतो, "काकाजी, एखादी वायर आहे का?" काकाजी लगेच फाटक उघडत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारतात, "दोन्ही घरं पाह्यली काय?"

दोन्ही घरं म्हणजे वायरीची दोन टोकं जिथं बसणार त्या दोन जागा. एक कॉम्प्युटरच्या पाठीमागची, दुसरी मॉनिटरची. एकच पाहून आलेल्याला ते परत पाठवतात. "पोरीचं घर पाह्यलं अन् पोराचं नाही पाह्यलं, असं लग्न करते काय जी कोणी?" मग तो माणूस घरी जाऊन टेबलाखाली वाकतो, मोबाइलवर फोटो काढून आणतो, आणि फाटक उघडतं.

काकाजींची सारी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात गेली. तिथं प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबर असायचा. ती सवय त्यांच्याबरोबर निवृत्त झाली नाही. तांदळाच्या पोत्याची शिवलेली एक थैली त्यांच्याकडे आहे. तीतल्या प्रत्येक वायरीला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली, आणि पट्टीवर बॉलपेननं चिठ्ठी लिहिलेली. 'जुना टीव्ही, चालते.' 'हलवून लावावी.' 'ठवकरांचा प्रिंटर. ठवकर घर विकून गेले.'

मी एकदा बायकोला म्हणालो होतो की या माणसाला दुसरं काम नाही. जरा मोठ्यानंच म्हणालो होतो. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे.

मी इमारतींचे नकाशे काढतो. ऑफिसनं घरून काम करायला एक जुना मॉनिटर दिला, वायर मात्र दिली नाही. मी मॉनिटरच्या मागचा फोटो काढला आणि बर्डीवर, बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "कॉम्प्युटरला काय आहे?" मी म्हणालो, "एचडीएमआय असतंच की." त्यानं एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट असलेली वायर दिली. घरी आणून लावली, दोन्हीकडे छान बसली. पडद्यावर मात्र 'सिग्नल नाही' एवढंच.

दोन तास झटापट करून शेवटी फाटकाशी गेलो. काकाजींनी वायर हातात फिरवली.

"हे एकेरी हाये, जोशीजी. डिस्प्लेपोर्ट कॉम्प्युटरकडं अन् एचडीएमआय पडद्याकडं, असंच चित्र जाते याच्यातून. तुम्ही उलटी लावून राहिले."

"पण बसली की दोन्हीकडे."

"बसते. नुसतं बसून काय होते? बोलणं व्हाले पाह्यजे ना."

ते स्वतः टॉर्च घेऊन आले आणि त्या वयात माझ्या टेबलाखाली आडवे झाले. कॉम्प्युटरच्या मागं एक काळं प्लास्टिकचं झाकण होतं. ते त्यांनी नखानं काढलं. आत डिस्प्लेपोर्ट.

"हे काहून नाही उघडलं?"

"मला वाटलं, बंद करून ठेवलंय."

"बंद नाही जी. आजवर त्याले कोणी विचारलंच नाही." मग कपडे झटकत म्हणाले, "पडद्याले एचडीएमआय नाहीच. दोन्ही टोकाले डिस्प्लेपोर्टवाली पाह्यजे."

थैली पूर्ण उपसली. तशी वायर निघाली नाही. काकाजी आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळानं एक काळं वेटोळं घेऊन आले. त्यावर चिठ्ठी नव्हती.

"हिला चिठ्ठी नाही, काकाजी?"

"चिठ्ठी थैलीतल्यायले लागते," ते म्हणाले. "न्या तुम्ही."

"उद्या नवी आणतो आणि ही परत करतो."

"आणा आरामानं."

पडदा लखकन लागला. आणि बर्डीवर जायचं माझं कारण संपलं. रोज सकाळी काकाजी झाडांना पाणी घालताना कुंपणाच्या भिंतीवरून दिसायचे. मीच म्हणायचो, "काकाजी, उद्या नक्की." ते म्हणायचे, "हो हो, उद्या." असे तीन आठवडे गेले. त्यांनी वायर एकदाही मागितली नाही.

एका संध्याकाळी बायको म्हणाली, "काकाजी हल्ली फोनवर फार ओरडून बोलतात. सारखं 'पुन्हा सांग, दिसलं नाही' चाललेलं असतं."

बोलतात ते सुशीलाकाकूंशी, त्यांच्या बायकोशी. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली. वर्षभरापासून त्या पुण्याला लेकीकडे असतात. तिथं उपचार चालू आहेत. रोज संध्याकाळी सहाला काकाजी त्यांना व्हिडिओवर भेटतात. हे सगळं मला माहीत होतं. कशावर भेटतात, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मी टेबलाखाली वाकलो, वायर काढली आणि तसाच निघालो.

दार उघडंच होतं. पेल्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. काकाजी हातात भिंग घेऊन त्यावर वाकले होते. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मागं त्यांचा कॉम्प्युटर आणि मोठा मॉनिटर, त्यावर दुपट्टा टाकलेला.

"सुशे, पुन्हा एक डाव ओठ हालव. जेवण? हो, जेवलो ना."

माझ्या हातातली वायर पाहून त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"काकाजी, तुम्ही दुसरी का नाही घेतली?"

"काहून घेऊ? माही वायर होती ना. उद्या येणार होती."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी वायर लावली. दोन्ही घरं पाहून लावली. कॉल कॉम्प्युटरवर घेतला. मॉनिटरवर काकूंचा चेहरा हातभर झाला. ओठ एकाच बाजूनं हलत होते. काकाजींनी क्षणभर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मिरचीले ऊन दाखवलं काय म्हणते. भिवापूरची मिरची भरून ठेवली होती तिनं. तीन हप्ते झाले, हेच विचारून राह्यली, अन् मी म्हणून राह्यलो, हो, जेवलो."

काकू हसत होत्या. अर्ध्या चेहऱ्यानं, पण हसत होत्या.

"वायर बिघडली होती, सुशे," काकाजी म्हणाले. "जोशीजीनं नीट करून आणली."

काकूंनी चालता हात उचलून कपाळाशी नेला. मी त्यांचा नमस्कार घेतला. खरं काय ते सांगू शकलो नाही, अजूनही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बर्डीवरून तशाच दोन वायरी आणल्या. एक माझ्यासाठी, एक काकाजींना. म्हणालो, "ही तुमच्याजवळ जास्तीची असू द्या. पुन्हा कधी अडू नये." त्यांनी ती उलटसुलट पाहिली, दातानं चिकटपट्टी तोडली, मांडीवर वही घेऊन तीवर पट्टी ठेवली आणि सावकाश काहीतरी लिहिलं. पट्टी वायरीला गुंडाळून त्यांनी ती थैलीत टाकली, तेव्हा मला अक्षरं दिसली.

'कोणी मागाले आलं तर द्याची.'